‘फ्लड’ आणि ‘इनंडेशन’: विम्याच्या कलमात दोन शब्द कशासाठी, आणि मराठीत काय लिहावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार.

मी सांगलीत राहतो आणि इंग्रजी कागदपत्रांचे मराठी अनुवाद करून देतो. सध्या आमच्या पेठेतील व्यापाऱ्यांसाठी दुकानाच्या विम्यातील अटी मराठीत समजावून सांगणारी एक छोटी पुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी गावाने कृष्णेचे पाणी घरादारात पाहिले असल्यामुळे पुस्तिका हातात पडताच लोक आधी पुराचेच कलम उघडतील आणि त्यातील शब्दन्शब्द वकिली नजरेने वाचतील, याची मला जाणीव आहे.

मूळ कलमात संकटांची एक लांबलचक यादी आहे: स्टॉर्म, सायक्लोन, टायफून, टेम्पेस्ट, हरिकेन, टोर्नॅडो, त्सुनामी, फ्लड आणि इनंडेशन. वादळाच्या अर्धा डझन नावांना मराठीत वेगवेगळे कपडे चढवताना दमछाक झालीच, परंतु खरी अडचण शेवटच्या जोडीपाशी आली. पहिल्या खर्ड्यात मी ‘पूर व महापूर’ असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या गृहस्थांनी ‘महापूर’ शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले की, इनंडेशन म्हणजे मोठा पूर नव्हे. त्यांनी सुचवलेला पर्याय ‘जलप्लावन’ हा आहे. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, पण आमच्या पेठेत तो कोणाच्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही.

माझ्याजवळच्या शब्दकोशांत ‘इनंडेट’ या क्रियापदापुढे पूर आणणे, बुडवणे, जलमय करणे असे सगळेच अर्थ एका ओळीत दिलेले आहेत आणि त्यामुळे गोंधळ वाढतो. फ्लड आणि इनंडेशन हे खरोखर दोन वेगळे अर्थ आहेत, की कायद्याच्या इंग्रजीला एकाच गोष्टीची दोन नावे घ्यायची सवय आहे म्हणून ते शेजारी बसले आहेत? वेगळे असतील तर मराठीत तो वेगळेपणा साध्या शब्दांत कसा आणावा? जाता जाता आणखी एक शंका: माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक कार्यालय पत्रांनी ‘इनंडेट’ झाल्याचे वाक्य आहे. तेथे पाण्याचा थेंबही नाही. तो हाच शब्द का?

धातुपाठी

आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण शब्दाचे मूळ तेथूनच हाती लागते.

होय, शब्द तोच आहे. लॅटिनमध्ये ‘उंडा’ म्हणजे लाट. त्यापासून ‘इनुंडारे’ हे क्रियापद झाले, ज्याचा अर्थ लाटांनी एखाद्या गोष्टीवर चढून येणे, ती व्यापून टाकणे असा होतो. इंग्रजीत आधी ‘इनंडेशन’ हे नाम पंधराव्या शतकात आले आणि ‘इनंडेट’ हे क्रियापद त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी रूढ झाले. उच्चार करताना क्रियापदात जोर पहिल्या ‘इ’वर पडतो आणि नामात तो ‘डे’वर सरकतो. हीच लाट इंग्रजीत इतरत्रही लपलेली आहे. ‘अबंडंट’ म्हणजे ओसंडून वाहणारे, ‘रिडंडंट’ म्हणजे काठाबाहेर सांडलेले, म्हणून जास्तीचे. सर्वांत गमतीचा शब्द ‘सराउंड’ आहे. आज आपण त्याचा अर्थ ‘वेढणे’ असा घेतो आणि त्यात ‘राउंड’ आहे असे समजतो. प्रत्यक्षात तो ‘वरून लाट जाणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आला आणि इंग्रजीतही आरंभी त्याचा अर्थ पाण्याने बुडवणे असाच होता. पुढे ‘राउंड’शी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे तो गोल फिरला.

मराठी वाचकाला याहून जवळचे नाते दाखवता येईल. लॅटिन ‘उंडा’ आणि संस्कृत ‘उन्द्’ हा धातू, ज्याचा अर्थ भिजवणे, ओले करणे असा आहे, हे एकाच घराण्यातले आहेत. आपला ‘उदक’ त्याच घरातला, ‘समुद्र’ त्याच घरातला आणि भिजवून शिजवलेला भात म्हणून ‘ओदन’ही त्याच घरातला. दुसरीकडे ‘फ्लड’ हा अस्सल जर्मानिक शब्द ‘फ्लो’चा सख्खा नातेवाईक असून त्याचे नाते संस्कृत ‘प्लु’ या धातूशी, म्हणजे तरंगणे, वाहणे या अर्थाशी जुळते. म्हणजे एका शब्दाच्या मुळाशी वाहणे आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी भिजवणारी लाट. व्युत्पत्ती हा पुरावा नसतो, हे मला मान्य आहे; शब्द मुळापासून कितीही दूर जाऊ शकतात. तरीही या जोडीत मूळचा फरक बऱ्याच अंशी टिकून राहिला आहे असे मला वाटते.

यातून एक विनोदही निर्माण होतो. आपल्या परीक्षकांनी सुचवलेल्या ‘जलप्लावन’ शब्दात ‘प्लु’ धातू आहे, म्हणजे नात्याने तो ‘फ्लड’चा भाऊ ठरतो आणि त्यांना हवा आहे तो ‘इनंडेशन’साठी.

आता पत्रांविषयी. आलंकारिक वापरात ‘इनंडेटेड’ बहुधा कर्मणी रूपात येतो आणि त्यानंतर ‘विथ’ किंवा ‘बाय’ हे शब्दयोगी अव्यय येते. ज्याच्यावर येऊन आदळते त्याला ते पेलवत नाही, हा त्यातला गाभा आहे. आलेली गोष्ट वाईटच असली पाहिजे असे नाही. नोकरीच्या जाहिरातीला आलेल्या अर्जांनीही एखादे कार्यालय इनंडेट होते. मराठीत मात्र आपल्याला प्रसंग पाहून शब्द निवडावा लागतो. अभिनंदनाचा वर्षाव होतो, प्रश्नांचा भडिमार होतो, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, तक्रारींचा पाऊस पडतो. ‘वर्षाव’ शब्दात सुख आहे आणि ‘भडिमार’ शब्दात त्रास आहे, तर इंग्रजी शब्द या बाबतीत तटस्थ आहे. ‘कार्यालय पत्रांनी जलमय झाले’ असे कृपा करून मुलीला लिहू देऊ नका. ‘कार्यालयात पत्रांचा खच पडला’ हे चांगले मराठी आहे.

‘डेल्यूज’ या तिसऱ्या शब्दाचाही उल्लेख करून ठेवतो, कारण ‘महापूर’ खरे तर त्याच्या जवळचा आहे. तो लॅटिन ‘डिलुव्हियम’वरून आला, ज्याच्या मुळाशी धुऊन नेणे हा अर्थ आहे, आणि नोहाच्या गोष्टीतील पुराला इंग्रजीत हाच शब्द लावतात. मराठी बायबलमध्ये तेथे ‘जलप्रलय’ आहे. ‘प्रलय’ म्हणजे विरघळून जाणे, लय पावणे. त्यात मुळात पाणी नाही, म्हणून ‘जल’ जोडावे लागले.

निवृत्त पाटकरी

कृष्णाकाठ यांस नमस्कार.

मी पाटबंधाऱ्यांच्या कामात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे व्युत्पत्तीवर बोलणार नाही. कामाच्या कागदांत हे दोन शब्द कसे वापरले जातात तेवढे सांगतो. आमच्याकडे त्यांच्यात गल्लत केली तर नकाशे चुकतात.

फ्लड ही नदीची अवस्था आहे आणि इनंडेशन ही जमिनीची अवस्था आहे. फ्लड मोजायचा तर नदीत उभ्या केलेल्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचतात आणि पात्रातून सेकंदाला किती पाणी वाहते ते काढतात. इनंडेशन मोजायचे तर नदीकडे पाठ करून गावाकडे तोंड करावे लागते: किती क्षेत्र पाण्याखाली गेले, पाणी किती खोल होते आणि ते किती वेळ राहिले. सांगलीत कृष्णेवर असलेल्या आपल्या आयर्विन पुलाचेच उदाहरण घ्या. तेथे 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी आहे आणि 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. हे सर्व आकडे फ्लडचे आहेत. याउलट, किती फुटांना कोणत्या वस्तीत पाणी येते आणि कोणत्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबते, याची जी यादी प्रत्येक जुन्या सांगलीकराच्या तोंडी असते, ती इनंडेशनची यादी आहे. केंद्रीय जल आयोगही पूरस्थितीची तीव्रता ठरवताना नदीच्या पट्टीकडेच पाहतो. पाणी धोका पातळीला पोहोचले किंवा तिच्या वर गेले की स्थिती तीव्र आणि त्या जागी पूर्वी नोंदलेली सर्वोच्च पातळी गाठली की अतितीव्र. त्या वर्गवारीत कोणाच्या दुकानात किती पाणी आहे याचा प्रश्नच येत नाही.

या फरकामुळे चारही प्रकार शक्य होतात. नदीला पूर आहे आणि जमीन बुडाली आहे, हे आपण जाणतोच. नदीला पूर आहे पण तिचे पाणी दोन काठांच्या किंवा बांधांच्या आतच दुथडी भरून चालले आहे, तेव्हा फ्लड आहे आणि इनंडेशन नाही. तिसरा प्रकार शहरातील लोकांना फार परिचयाचा आहे: नदीशी संबंध नसताना जमीन पाण्याखाली जाते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीला पूर आला हे खरेच, परंतु कोणत्याही नदीपासून दूर असलेल्या कित्येक वस्त्यांत पावसाचेच पाणी निचरा न झाल्यामुळे चढत गेले. त्या घरांच्या बाबतीत ‘नदीला पूर आला म्हणून नुकसान झाले’ असे म्हणता येणार नाही, पण घर पाण्याखाली गेले हे निर्विवाद आहे. चौथा प्रकार म्हणजे दोन्ही नाही. तो आपल्या वाट्याला अधिक वेळा येवो.

इनंडेशनमध्ये संकटाचा भाव असलाच पाहिजे असे मुळीच नाही, हेही नोंदवतो. इजिप्तमधील नाईल नदी दर वर्षी काठांवरून पसरून गाळ टाकून जात असे. त्या घटनेला इंग्रजी इतिहासग्रंथांत ‘इनंडेशन’ म्हणतात आणि प्राचीन इजिप्तच्या तीन ऋतूंपैकी ‘अखेत’ हा ऋतू तिच्याच नावाचा होता. ते पाणी आले नाही तर दुष्काळ पडत असे. 1970 साली आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाल्यावर ते वार्षिक पसरणे संपले. आपल्याच उपखंडात सिंध आणि पंजाबात पूर्वी ‘इनंडेशन कॅनाल’ असत. त्यांना मुखाशी बांध किंवा दारे नसत. सिंधू आणि तिच्या उपनद्या उन्हाळ्याच्या शेवटी फुगल्या की पाणी आपोआप कालव्यात चढे आणि नदी उतरली की कालवा कोरडा पडे. 1932 साली सक्करचा बराज, म्हणजे नदीवरचा दारांचा बंधारा, सुरू झाला आणि सिंधमध्ये बारमाही पाण्याचे दिवस आले. पाणी मुद्दामही पसरवता येते. ऑक्टोबर 1914 च्या अखेरीस बेल्जियमच्या सैन्याने न्यूपोर्ट येथील दारे भरतीच्या वेळी उघडून इझर नदीकाठची सखल जमीन समुद्राच्या पाण्याखाली घातली आणि जर्मन सैन्याची आगेकूच तेथे थांबली. त्यालाही इनंडेशनच म्हणतात. नदीला त्या दिवशी पूर नव्हता.

धरणाच्या मागे जी जमीन कायमची पाण्यात जाते तिच्यासाठी इंग्रजीत ‘सबमर्जन्स’ आणि आपल्याकडे ‘बुडीत क्षेत्र’ हा पक्का शब्द आहे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी खूप खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, ते बुडीत क्षेत्रातले. तेव्हा इनंडेशनसाठी ‘बुडीत’ हा शब्द घेऊ नये, नाहीतर वाचक धरणग्रस्तांच्या फायली शोधू लागेल. तसेच ‘वॉटरलॉगिंग’. भारतीय वृत्तपत्रे रस्त्यावर पाणी तुंबले की हा शब्द छापतात, परंतु शेतीशास्त्रात त्याचा अर्थ मुळांच्या थरापर्यंत जमीन पाण्याने भरून राहणे असा आहे. त्याला आपल्या भागात ‘चिबड’ म्हणतात. चिबड रानात वरून पाणी दिसेलच असे नाही, पण ऊस पिवळा पडलेला दिसतो.

दाव्यांचे दप्तर

मी बरीच वर्षे विमा दाव्यांच्या पाहणीचे काम केले आहे. येथे लिहितो ते भाषेपुरते समजावे. कोणाच्या दाव्याचा निकाल त्यावरून काढू नये.

आपण उतरवलेली यादी ओळखीची आहे. जुन्या आगविमा पॉलिसीत या गटाला आमच्या धंद्यात ‘एसटीएफआय’ असे म्हणत, म्हणजे स्टॉर्म, टेम्पेस्ट, फ्लड, इनंडेशन यांची आद्याक्षरे. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी आणि लघुउद्योगांसाठी ज्या ‘भारत’ नावाने सुरू होणाऱ्या प्रमाणित पॉलिसी आल्या, त्यांतही ही जोडी तशीच ठेवलेली आहे आणि यादीत त्सुनामीची भर आहे.

आता, कायद्याच्या इंग्रजीला जोडशब्दांची हौस आहे हा आपला संशय अगदीच खोटा नाही. ‘स्टॉर्म’ आणि ‘टेम्पेस्ट’ यांत फरक दाखवा असे मला कोणी विचारले तर मी चहा मागवून वेळ काढीन. ‘फ्लड’ आणि ‘इनंडेशन’चे मात्र तसे नाही. यासाठी इंग्लंडच्या अपील न्यायालयातील 1976 सालचा ‘यंग विरुद्ध सन अलायन्स’ हा निवाडा पाहण्यासारखा आहे. घराच्या तळमजल्यावरील शौचालयात जमिनीतून पाणी झिरपून सुमारे तीन इंच साचले होते. पॉलिसीत ‘स्टॉर्म, टेम्पेस्ट किंवा फ्लड’ असे शब्द होते, ‘इनंडेशन’ नव्हता. न्यायालयाने म्हटले की, वादळांच्या पंगतीत बसलेल्या ‘फ्लड’ शब्दाचा अर्थ त्या पंगतीला शोभेल असाच घ्यावा लागेल. हळूहळू झिरपून आलेले तीन इंच पाणी म्हणजे फ्लड नव्हे. घरमालक हरले. पुढच्या काळात इंग्लंडमध्येच या अर्थाची कडा काहीशी सैल झाली, पण शब्दाला संगतीने अर्थ येतो हा धडा राहिला.

म्हणून ‘इनंडेशन’ शेजारी असणे विमेदाराच्या सोयीचे आहे, असे माझे मत आहे. पाणी कोठून आणि किती जोराने आले याकडे ‘फ्लड’ शब्द बोट दाखवतो; जागा पाण्याने व्यापली गेली एवढ्याकडे ‘इनंडेशन’ बोट दाखवतो. आपण त्याचे भाषांतर ‘महापूर’ केलेत तर वाचणाऱ्या दुकानदाराला उलटेच वाटेल की, साधा पूर आणि फार मोठा पूर या दोनच गोष्टी विम्यात आहेत, आणि पावसाचे पाणी उंबरठा ओलांडून आत आले तर तो दावाच करणार नाही. आपल्या परीक्षकांनी ओढलेली लाल रेघ योग्य आहे.

मांडवीतीर

गोव्याहून दोन ओळी. आमच्या खाजण जमिनींत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत, नदीचा पूर नसतानाही शेत पाण्याखाली जाते. उधाणाच्या भरतीला बांध फुटला किंवा मानशीची (भरतीचे पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारे नीट लागली नाहीत की खारे पाणी आत शिरते आणि पुढची काही वर्षे भात नीट होत नाही. याला कोणी ‘पूर’ म्हणत नाही. ‘शेतात खारे पाणी भरले’ असेच म्हणतात. इंग्रजी अहवालांत मात्र तेथे ‘सलाइन इनंडेशन’ असे वाचायला मिळते आणि निवृत्त पाटकरी यांचे म्हणणे त्याला तंतोतंत लागू पडते. त्सुनामीच्या अभ्यासातही लाट किती उंचीपर्यंत चढली हे वेगळे मोजतात आणि किनाऱ्यापासून किती आत आली हे वेगळे; दुसऱ्या मापालाच इनंडेशनचे अंतर म्हणतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘महापूर’ मी काढून टाकला आहे. आता प्रश्न उरला तो केवळ मराठी शब्दाचा, आणि तेथेच मी अडलो आहे. ‘आप्लावन’, ‘जलव्याप्ती’, ‘जलमयता’ असे तीन शब्द लिहून पाहिले. ‘जलमयता’ लिहिल्यावर स्वतःलाच संकोच वाटला. ‘पूर व पाणी साचणे’ असाही पर्याय एका मित्राने सुचवला, पण साचणे म्हटले की डबके डोळ्यांपुढे येते.

धातुपाठी

आपण नाम शोधत आहात, कारण इंग्रजीत नाम आहे. अडचण तेथेच आहे.

मराठीत ही कल्पना नव्हती असे नाही. ती क्रियापदात राहते. ‘गाव पाण्याखाली गेले’, ‘दुकानात पाणी शिरले’, ‘रान पाण्याने भरले’, ही वाक्ये कोणत्याही सांगलीकराने न शिकता बोललेली आहेत. शिवाय आपल्या ‘पूर’ शब्दाचे व्याकरण नीट पाहा. तो ‘भरणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. ‘पूर्ण’, ‘पुरेसा’, ‘पुरणे’ हे त्याचेच गोतावळ्यातले शब्द. म्हणून पूर येतो तो नदीला, ओढ्याला, फार तर आलंकारिक अर्थाने उत्साहाला. ‘दुकानाला पूर आला’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. इंग्रजीत मात्र नदीही ‘फ्लड’ होते आणि दुकानही ‘फ्लड’ होते. म्हणजे इंग्रजी वाचकाला दुसरा शब्द नसता तरी पहिल्याच शब्दात दुकान कसेबसे मावले असते. मराठी ‘पूर’ शब्दात ते मावतच नाही. या कलमातील दुसऱ्या शब्दाची गरज मूळ इंग्रजीपेक्षा आपल्या अनुवादाला अधिक आहे.

तेव्हा सरळ ‘पूर येणे किंवा जागा पाण्याखाली जाणे’ असे लिहा. यादीत बाकी सगळी नामे असताना एकच क्रियापद कसे, असे आपले परीक्षक विचारतील. मराठीत ‘जाणे’ हेही क्रियावाचक नामच आहे, असे त्यांना नम्रपणे सांगता येईल.

निवृत्त पाटकरी

‘जागा पाण्याखाली जाणे’ याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. आमच्या खात्यातील कारकूनही पंचनाम्यात तसेच लिहीत: ‘अमुक गट नंबरमधील इतके क्षेत्र पाण्याखाली गेले.’ एक बारीक आक्षेप असा की, ‘पाण्याखाली’ म्हटल्यावर काही लोक छपरापर्यंत बुडालेले घर समजतील. फूटभर पाण्यानेही गोदामातील खालच्या थप्पीची साखर जाते. तेव्हा ‘पाणी शिरणे’ हे शब्दही जोडावेत.

कृष्णाकाठ

अखेर पुढील मजकूर ठरवला आहे: ‘नदी, ओढा यांना पूर येणे, किंवा अन्य कारणाने जागेत पाणी शिरून ती पूर्णपणे किंवा अंशतः पाण्याखाली जाणे.’ लांब आहे, पण पुस्तिका समजावून सांगण्यासाठी आहे, त्यामुळे चालेल. खाली ठळक अक्षरांत अशी सूचनाही देणार आहे की, वाद झाल्यास मूळ पॉलिसीतील इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जाईल.

काल हे वाक्य एका किराणा व्यापाऱ्यांना वाचून दाखवले. त्यांना ते लगेच कळले आणि त्यांनी तत्काळ प्रश्न केला की, रस्त्यावर पाणी येण्याच्या आधीच दुकानाच्या मोरीतून गटाराचे पाणी उलटे वर येते, ते यात धरायचे का? माझ्याकडे उत्तर नव्हते.

निवृत्त पाटकरी

पाण्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. नदी चढली की नाल्यांची आणि गटारांची तोंडे तिच्या पातळीच्या खाली जातात, त्यांना फुगवटा येतो, म्हणजे पाणी मागे तुंबून चढते, आणि पाणी सखल भागात आधी जमिनीखालच्या वाटेने पोहोचते. मोरीतून आलेले ते पाणी म्हणजे नदीच पुढचा दरवाजा सोडून मागच्या दाराने आलेली असते.

दाव्यांचे दप्तर

विम्याच्या दृष्टीने तेवढे सोपे नाही. पाण्याच्या टाक्या आणि नळ फुटणे किंवा भरून वाहणे यासाठी या पॉलिसींत वेगळे कलम असते, आणि मोरीतून पाणी आले एवढेच अर्जात लिहिले तर पाहणी करणारा माणूस आधी त्या कलमाकडे वळण्याची शक्यता असते. त्या व्यापाऱ्यांना सांगा की, असे झाल्यास त्या दिवशीची आयर्विन पुलावरील पातळी, पाणी आत आल्याची वेळ आणि भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेचे छायाचित्र, या तीन गोष्टी माल हलवण्याच्या आधी जवळ ठेवाव्यात, आणि अर्जात ‘नदीच्या फुगवट्यामुळे गटारातून पाणी शिरून दुकान पाण्याखाली गेले’ असे कारणासह पूर्ण वाक्य लिहावे. छायाचित्र काढताना शटरची खालची पट्टी चौकटीत येईल असे पाहावे, म्हणजे पाणी किती उंच चढले ते मोजता येते.